आवाजाची हजेरी

दोरीला बारा कापडी कड्या होत्या आणि त्यांतल्या दोन लोंबत होत्या. एकच लोंबायला हवी होती. मुलाने हात घातलेली कडी मुलाच्या कमरेएवढ्या उंचीवर ताणलेली राहते. रिकामी कडी तिच्यापेक्षा चार बोटं खाली येते आणि दोरी चालायला लागली की बाकीच्यांच्या तालात न हलता किंचित मागून हलते. पाचवी कडी रिकामी होती ते बरोबर होतं, कारण इंजिनने बागेत चड्डी ओली केली होती आणि मावशी त्याला घेऊन अर्ध्या तासापूर्वीच पुढे निघून आल्या होत्या. नववी रिकामी असायचं काही कारण नव्हतं. ताईने नजर पुन्हा पाचवीवर नेली, तिथून एकेक कडी मोजत नववीवर आणली, अंधाऱ्या कपाटात टॉर्चचा झोत फिरवावा तशी. नववी लोंबतच होती. बालवाडीच्या फाटकाचा खटका तिच्या उजव्या हातात होता. तो गार होता. शरदाच्या सुरुवातीचं ऊन पडलं होतं, ज्याला उजेड भरपूर असतो आणि ऊब बेताची, आणि त्या उन्हात मुलं फाटक उघडायची वाट पाहत उभी होती.

"हजेरी!" ती म्हणाली. आवाज नेहमीसारखा निघाला याचं तिलाच नवल वाटलं. मुलांनी झटकन डोळे मिटले. हा खेळच तसा होता. सगळ्यांनी डोळे मिटायचे, ताईनेसुद्धा, आणि दोरीवरच्या क्रमाने प्रत्येकाने आपापला आवाज काढायचा. वर्गात मुलांना त्यांच्या आवाजावरूनच हाक मारत. बेडूक, शिट्टी, घड्याळ, भुंगा, इंजिन. आज ताईने डोळे मिटले नाहीत. पहिले चार आवाज आले, इंजिनच्या जागी मुलं न सांगता एक श्वास थांबली, मग पुढचे तीन आले आणि नववा आवाजही बरोबर आपल्या जागी आला, बादलीत थेंब पडावा तसा, जीभ टाळूला लावून काढलेला, टप, टप-टप. तो चिमणीच्या तोंडातून आला. चिमणी दहाव्या कडीला होती. तिने टपटपचा आवाज काढला, जीभ ओठांवरून फिरवली आणि स्वतःचा चिवचिवाटही काढून दाखवला.

"चिमणे," ताई म्हणाली, "तो आधीचा आवाज कुणाचा?"

"टपटपचा." चिमणीचे डोळे अजून घट्ट मिटलेले होते.

"आणि टपटप कुठाय?"

"बागेत. तिला यायचं नव्हतं. मी तिचं म्हणते. तूच सांगितलंयस ना, ज्याला म्हणता येत नाही त्याचं मैत्रिणीने म्हणायचं."

तिने सांगितलं होतं. गेल्या आठवड्यात टपटपचा घसा बसला होता, तेव्हा तिनेच विचारलं होतं, आज हिचा आवाज कोण काढेल, आणि चिमणीने तो इतका हुबेहूब काढला की सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या होत्या. ताईनेही. बागेतून निघताना अकरा आवाज आले होते. अकरा यायला हवे होते. मिटलेल्या डोळ्यांनी तिने ते मोजले होते आणि समाधानाने दोरीचं टोक उचललं होतं.

मावशी फाटकाशी आल्या, हात पुसत. "इंजिन झोपलं बघा, धावून धावून..." आणि त्यांनी ताईचा चेहरा पाहिला. "काय झालं हो?"

"टपटप मागे राहिली. यांना आत घ्या. मी आले."

"अगं बाई! एकटी?"

पण ती वळली होती. चालायचं, धावायचं नाही. धावलं तर मान फिरवायला वेळ मिळत नाही, आणि मान फिरवली नाही तर तिच्यासाठी जग फक्त नाकासमोर असे. हे तिने मोजलेलं होतं. बालवाडीच्या भिंतीला मुलांची उंची मोजायची पट्टी चिकटवलेली होती. तिच्यासमोर तीन मीटरवर उभं राहून, नजर न हलवता, किती आकडे दिसतात ते तिने एका दुपारी वर्ग रिकामा असताना पाहिलं होतं. एक मीटर अकरा सेंटिमीटर. तीन मुलं शेजारी शेजारी, फार तर चौथ्याचा एक कान. हाताच्या अंतरावर एक छोटी ताटली. तिच्या पलीकडे काळोख असतो असं लोकांना वाटलं असतं, पण काळोख नव्हता. काळोख दिसतो तरी. तिथे काहीच नव्हतं, आपल्या डोक्यामागे जसं काही नसतं तसं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी यंत्रात हनुवटी ठेवायला लावून, ठिपका दिसला की बटण दाब असं सांगून, अर्धा तास तिला बसवलं होतं, आणि तिने खूपदा बटण दाबलं होतं, न दिसताही, कारण ठिपक्यांचा ताल तिच्या लक्षात आला होता. यंत्राला ते कळलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "असं फसवून कुणाचा फायदा आहे?" दिसण्याचा घेर पहिल्या वर्षी एकेचाळीस अंश, मग एकतीस, आता एकवीस. मधोमध मात्र सगळं लख्ख. मुंगीच्या तोंडातला कण दिसे. सुईत दोरा पहिल्या झटक्यात जाई. म्हणून तर कुणाला कळत नव्हतं.

रस्ता ओलांडताना तिने मान पूर्ण डावीकडे नेली, मग पूर्ण उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. धाकटी बहीण याला घुबड म्हणे. बहीण टपालखात्यात होती, दिवसभर पत्रं खणाखणांत टाकायची, आणि घरीही तिचं बोलणं तसंच, नेमक्या खणात पडणारं. जगात तिला एकटीलाच ठाऊक होतं. "घुबड म्हणवत नाही खरं," ती एकदा म्हणाली होती, "घुबडाला अंधारात तरी दिसतं." दोघी इतक्या हसल्या की ताईला उचकी लागली. मग बहीण एकदम थांबली आणि म्हणाली, "कधी सांगणार आहेस?" "पानगळ होऊ दे." "मग म्हणशील थंडी जाऊ दे. मग म्हणशील पालवी येऊ दे. अगं तायडे, झाडांचं वेळापत्रक काही संपत नसतं." तीन वर्षं हे चाललं होतं. प्रत्येक वेळी तिच्यापाशी कारण असे आणि प्रत्येक कारण खरं असे. नवी मुलं आत्ताच रुळलीत. दुसऱ्या वर्गाची ताई बाळंतपणाच्या रजेवर आहे. आणि शरदाचे हे सुरुवातीचे आठवडे तर सोडवतच नसत, कारण सबंध वर्षात मुलांना दाखवण्यासारखं इतकं काही एकदम होत नसे. पानं गोळा करायची आणि पालथ्या पानावर कागद ठेवून खडू आडवा घासायचा, की शिरा आपोआप उमटतात. बिया पाण्यात टाकायच्या, कुठली तरंगते ते आधी सांगायचं आणि मग बघायचं. दर सोमवारी दहा वाजता एका मुलाला अंगणात त्याच जागी उभं करून त्याच्या सावलीभोवती खडूने रेघ ओढायची, सावली दर आठवड्याला लांबते, मूल तेवढंच राहतं, आणि घड्याळ नावाची मुलगी दर वेळी म्हणे, "ताई, ती खोटं वाढते." पानं लवकर पिवळी होतात त्या फांदीला लोकर बांधून ठेवायची. मुलांनी झाडांना स्वतःच नावं दिली होती. हातपान, होडीपान, सुईपान. एकवीस अंशांच्या आत हे सगळं बसत होतं. पान हातात धरलं की ते पूर्ण दिसे. पान धरलेलं मूलही दिसे. ज्याने पान धरलेलं नाही, जे बाजूला उभं आहे, तेवढंच दिसत नसे.

म्हणून आवाज. पहिल्या वर्षी एका मुलाला तिने कपड्यांच्या खुंट्यांखाली बसलेलं पाहिलं नाही आणि दिवा मालवून ती वर्गाबाहेर पडली. मूल रडलंसुद्धा नाही. दोन मिनिटांत मावशींना सापडलं. त्या रात्री तिने ठरवलं, डोळ्यांनी जमत नसेल तर कानांनी मोजू. कान तिचे चांगले होते. आवाजाची हजेरी पहिल्या दिवसापासून मुलांच्या अशी अंगवळणी पडली की पालक घरूनच नवे आवाज शिकवून पाठवायला लागले. मोठ्या बाई, म्हणजे बालवाडीच्या प्रमुख, खूश झाल्या. मुलांची एकाग्रता वाढते, म्हणाल्या, श्रवणशक्ती वाढते, आपण एकमेकांसाठी आहोत ही भावना वाढते. त्यांनी तिला शिक्षिकांच्या शिबिरात बोलायला पाठवलं. चाळीस बायकांसमोर उभी राहून, त्यांतल्या तिघी-चौघींकडे बघत, ती पाऊण तास बोलली. डोळे का मिटायचे, असं एकीने विचारलं. ती म्हणाली, "डोळे उघडे असले की आपल्याला वाटतं आपण सगळ्यांना बघतोय." सगळ्यांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. घरी येऊन तिने बहिणीला सांगितलं. बहीण म्हणाली, "आता दुसऱ्या शाळांतल्या पोरांनाही डोळे मिटायला लावलेस." तेव्हा ताई चिडली होती. तू दिवसभर कागदांशी बोलतेस, म्हणाली, तुला काय कळणार. आता बागेच्या भिंतीकडेने चालताना तिला ते वाक्य तोंडात कडू लागलं, औषधाची गोळी घशात न जाता जिभेवरच विरघळावी तसं.

बागेचं दार उघडं होतं. अर्थातच उघडं होतं, ते नेहमीच उघडं असे, आणि रस्ता तिथून बारा पावलांवर. तिने रस्त्याच्या दोन्ही बाजू पाहिल्या. हळू, पट्टी मोजावी तशा. गाड्यांच्या चाकांखाली काही नव्हतं. हे आपण पाहिलं, चाकांखाली पाहिलं, हे तिच्या मागाहून लक्षात आलं. सव्वाअकरा. मुलं घेऊन ती अकरा वाजता निघाली होती. पंधरा मिनिटं. चार वर्षांचं मूल पंधरा मिनिटांत किती लांब जातं? ताशी दोन किलोमीटर धरले तर अर्धा किलोमीटर. अर्ध्या किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ आणि त्यात तिचं एक मीटर अकरा सेंटिमीटर. "टपटप!" तिने हाक मारली. हातपानाच्या झाडाखाली कुणी नव्हतं. बाकावर कुणी नव्हतं, तिथे ती स्वतः मघाशी बसली होती आणि मुलं तिच्याभोवती पानांच्या राशी लावत होती, पिवळी इथे, तांबडी इथे, अर्धवट इथे. राशी तशाच होत्या. वारा नव्हता. तिने एक टोक धरून बाग विंचरायला सुरुवात केली, डावीकडून उजवीकडे, मग एक पाऊल पुढे, उजवीकडून डावीकडे. "टपटप, बाळा, आवाज दे गं!" पाचोळा लोटून माळ्याने केलेला ढीग. घसरगुंडी. घसरगुंडीच्या खाली. झुडुपाच्या खाली. झुडुपाखाली एक चेंडू होता, पार विटलेला. प्रत्येक जागा बघून झाली की ती जागा पुन्हा नाहीशी होई आणि ती मनात म्हणे, आता ती तिथे आली असेल, मी पाठ फिरवली तशी, आत्ता ती नेमकी तिथेच असेल. ती परत वळे. बघितलेलं पुन्हा बघे. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला आणि तेवढंसं वर्तुळही डबडबलं. कुठल्याशा बाईने बागेच्या दारातून विचारलं, "काही हरवलं का?" आणि ती, का कोण जाणे, "नाही, नाही" म्हणाली. नाही म्हणाली! एक बाई मदतीला उभी होती, दोन धडधाकट डोळे घेऊन, आणि तिने तिला हसून वाटेला लावलं. तीन वर्षांची सवय. काही सांडलं, नाही नाही. लागलं का, नाही नाही. ती बाई निघून गेली. ताई बाकाशी आली, हाताने चाचपून बसली, आणि समोरच्या पिवळ्या राशीकडे बघत राहिली. आता आवाज देऊनही उपयोग नव्हता. आवाज देणारी मुलं आवाज देतात, न देणारी देत नाहीत, आणि हे तिला चाळीस बायकांसमोर उभं राहण्याआधी कळायला हवं होतं.

"तू मला बघायचंच नाही असं ठरवलंयस का?"

डाव्या खांद्याच्या बाजूने आलं ते, अगदी जवळून. तिने मान वळवली. बाकाच्या हाताला टेकून, दोन वीत अंतरावर, टपटप उभी होती. उजवा हात पुढे केलेला होता आणि डाव्या हाताने तिने त्याला कोपराखाली आधार दिला होता. तळहातावर एक पान.

"तू... तू इथेच होतीस?"

"इथेच आहे मी." ती रडत नव्हती. रागाने बोलत होती, मोठ्या माणसासारखी, एकेक शब्द मोजून. "मी मघाशी तुला दाखवलं तर तू बघितलंच नाहीस. सगळ्यांचं बघितलंस. मग तू निघून गेलीस. मग तू आलीस आणि माझ्यासमोरून गेलीस. दोनदा गेलीस. मी काही बोलले नाही. मी म्हटलं बघू, बघते का."

"अगं, मी हाका मारत होते ना."

"हाका मारत होतीस, पण बघत नव्हतीस."

ताईने हात पुढे केला. टपटपने पान दिलं नाही, मूठही मिटली नाही. होडीपान होतं, मधोमध किड्याने खाल्लेलं गोल भोक, आणि भोकातून तिच्या तळहाताची गुलाबी कातडी दिसत होती. "काय केलं मी?" टपटप म्हणाली. "मी काय केलं म्हणून तू माझ्यावर रागावलीस?"

तेव्हा ताईच्या हाताला ते आधी आठवलं आणि डोक्याला मागून. कोपराखाली दिलेला हाताचा आधार, खांद्यातून उतरणारी कळ, बोटांच्या टोकांना आलेल्या मुंग्या. ती सहा वर्षांची होती आणि तिचा पहिला दात पडला होता. बाबा टेबलाशी बसले होते. ते छापखान्यात मुद्रितं तपासायचे, रविवारीही कागद घरी आणायचे, आणि एका ओळीतला सुटलेला अनुस्वार त्यांच्या नजरेतून सुटत नसे. ती त्यांच्या डाव्या हाताशी जाऊन उभी राहिली, तळहातावर दात ठेवून. काही बोलायचं नाही, त्यांनी स्वतः बघायचं, असा तिचा बेत होता. बाबांनी एक पान उलटलं. दुसरं उलटलं. लाल पेन्सिलीने समासात काहीतरी लिहिलं. हात दुखायला लागला म्हणून तिने त्याला आधार दिला. पाच पानं झाली. त्यांनी मान उचलून समोर भिंतीकडे पाहिलं, डोळे चोळले, पुन्हा खाली पाहिलं. तिला वाटलं, बाबांना दिसतंय, त्यांना बघायचं नाहीये. मग तिने मूठ मिटली, मोरीत गेली आणि दात जाळीतून खाली टाकला. पुढे तेवीस वर्षं, बाबा जाईपर्यंत, ती त्यांच्याशी बेताबेताने वागली. त्यांनी कधी विचारलं नाही. घरात त्यांच्या धडपडण्याचे विनोद होत. बाबा दार उघडत नाहीत, दाराला डोकं आपटून आत येतात. संध्याकाळनंतर ते घराबाहेर पडत नसत आणि आई म्हणे, यांना मेलं माणसांचं वावडंच आहे. ते हसत. सगळ्यांबरोबर हसत. "घरात कुणाला होता का हा आजार?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं आणि ती झटकन म्हणाली होती, "नाही." दवाखान्याचा जिना उतरताना तिला दारांचं आठवलं आणि कळलं, बाबांनाही हेच होतं, पण ते नुसतं कळलं, गणित सुटावं तसं. दात तेव्हा आठवला नव्हता. आज तो तिच्या तळहातावर आला, लहानसा, एका टोकाला रक्ताचा ठिपका असलेला, आणि तिच्या लक्षात आलं की बाबांना बोलायला एक वाक्य पुरलं असतं. मला त्या बाजूचं दिसत नाही गं. एवढंच. तेवढं न बोलण्यासाठी त्यांनी एक मुलगी सोडून दिली. आणि ती स्वतः? तिच्या वर्गात दर वर्षी बारा. तीन वर्षं. त्यांतल्या किती जणांनी डाव्या बाजूला उभं राहून हात दुखेपर्यंत वाट पाहिली असेल आणि काही न बोलता मूठ मिटली असेल, हे कुठल्याही यंत्रावर मोजता येण्यासारखं नव्हतं.

"मी रागावले नाहीये," ती म्हणाली. "खरंच नाही."

"मग?"

मग पुढचं वाक्य. ते ओठांशी आलं आणि तिथेच थांबलं. चार वर्षांच्या मुलीला ते सांगणं सोपं होतं, म्हणूनच ते खरं सांगणं ठरलं नसतं. "चल," ती म्हणाली, "सगळे वाट बघतायत." टपटपने पान खिशात घातलं आणि ताईचा हात धरला. रस्त्याशी ताईने मान डावीकडे नेली, उजवीकडे नेली. "ताई, सायकल," टपटप म्हणाली आणि तिला मागे ओढलं. सायकल तिच्या कोपराला वारा लावून गेली.

मावशींनी फाटकातच टपटपला उचलून घेतलं, तिचे पटापट मुके घेतले आणि एक धपाटाही घातला. मग ताईला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "मी कुणाला काही बोलले नाही. मोठ्या बाईंना म्हटलं, ताई पोरीला शू करवायला थांबल्यात. सापडलं ना मूल? मग झालं तर. माणूस आहे, होतं कधीतरी." ताईने मान हलवली. इतकं सोपं होतं ते. मावशींच्या हाताला दुधाचा वास येत होता, आतून मुलांचा कालवा ऐकू येत होता, बेडूक कुणालातरी सांगत होता की त्याच्याकडे शंभर पानं आहेत, आणि क्षणभर तिला खरंच वाटलं की झालं, निस्तरलं. एक नियम बदलायचा. दुसऱ्याचा आवाज काढायचा नाही, एवढा एक नियम. शिवाय दोरीच्या कड्यांना घुंगरू लावता येतील, रिकामी कडी वेगळी वाजेल. तिचं डोकं लगेच कामाला लागलं, किती घुंगरू, कसे शिवायचे, कुठल्या रंगाच्या दोऱ्याने, आणि आपलं डोकं अशा वेळी किती चपळ चालतं याची तिला पहिल्यांदाच भीती वाटली.

साडेबाराला पालक यायला लागले. टपटपची आई दवाखान्यात मलमपट्टीचं काम करायची. ती नेहमी घाईत असे आणि तिच्या बोटांना औषधाचा वास येई. मोठ्या बाई दारात उभ्या राहून एकेका पालकाशी बोलत होत्या. "पुढच्या बुधवारी तळ्यावर नेतोय हं मुलांना," त्या म्हणत होत्या. "दोन्ही वर्ग एकत्र. चोवीस मुलं. बिया कशा तरंगतात ते खऱ्याखुऱ्या पाण्यात बघायला. आमच्या ताई आहेत म्हणून धाडस करतो बरं का!"

"आई," टपटप म्हणाली, "ताई मला बागेत विसरली."

मावशींनी हातातलं फडकं झटकलं. "काहीतरीच! थोडं मागे राहिलं पोर चालताना. फुलपाखरू असतं एकेक."

"मागे नाही राहिले. मी बाकाजवळ होते. ताई दोनदा माझ्यासमोरून गेली आणि तिला मी दिसलेच नाही."

"लपली असशील," आई हसून म्हणाली आणि तिच्या बुटाचा बंद बांधायला खाली वाकली. "घरी पण हेच. पडद्यामागे उभी राहते आणि म्हणते मी हरवले."

"नाही लपले! मी समोर होते!"

"बरं, बरं."

"अहो, या मुलांची कल्पनाशक्ती!" मोठ्या बाई म्हणाल्या. "डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतात ताई. यांच्या नजरेतून मुंगी सुटत नाही."

"तेच तर," आई म्हणाली. "बारा-बारा कशा सांभाळता हो? माझ्याच्याने एक होत नाही." मग तिने मुलीची हनुवटी वर उचलली. आवाज बदलला, रागावलेला नव्हता, दमलेला होता. "हे बघ, ताई किती करतात तुमच्यासाठी. असं खोटं सांगितलं की त्यांना वाईट वाटतं. चल, सॉरी म्हण ताईंना."

ताईच्या वर्तुळात आता फक्त टपटपचा चेहरा होता. बाकी काही नव्हतं, दार नव्हतं, मोठ्या बाई नव्हत्या, मावशींचं फडकं नव्हतं. मधोमध सगळं लख्ख दिसत होतं, भुवईतला एक आडवा केस, नाकाच्या शेंड्यावर वाळलेली माती. टपटपने आईकडे पाहिलं, मग ताईकडे. ती वाट बघत होती. रागही उतरला होता तिचा. आपल्याला जे दिसलं ते झालंच नव्हतं की काय, असा एक धूसर विचार तिच्या डोळ्यांमागे उमटताना ताईला दिसला, पाण्यात रंगाचा थेंब पसरावा तसा, हळू, आणि एकदा पसरला की परत गोळा न करता येणारा. हे असंच होतं तर. मोरीच्या जाळीशी वाकलेली सहा वर्षांची मुलगी बाहेरून अशी दिसली असती.

"सॉ..." टपटप म्हणाली.

"थांब!" ताई इतक्या मोठ्याने बोलली की वर्गातला कालवा एकदम बंद झाला. "तिला सॉरी म्हणायला लावू नका. ती खरं बोलतेय. ती समोर होती आणि मला दिसली नाही."

"अहो ताई, होतं असं घाईत..." मोठ्या बाईंचा आवाज कुठूनतरी उजवीकडून आला.

तिने मान त्या बाजूला वळवली, सावकाश, मोठ्या बाईंचा चेहरा सापडेपर्यंत. तो सापडला तेव्हा त्यावर अजून हसू होतं.  

"घाईत नाही, मोठ्या बाई. मला बाजूचं दिसत नाही. तीन वर्षं झाली. आता एवढंच दिसतं," आणि तिने दोन्ही हातांनी ताटलीएवढं वर्तुळ करून दाखवलं. "ते आणखी कमी होणार आहे. बुधवारी मी तळ्यावर नेणार नाही. बुधवारी नाही आणि नंतरही नाही. उद्यापासून मुलं माझ्या हातात देऊ नका."